गावात आलेला तह

हेझलफर्डला तह येणार हे कळलं त्याच दुपारी थॉमसिन फेनरने माळ्यावरून बार्नबीची गादी खाली काढली, तिच्यातला कुजका पेंढा परसात ओतला आणि नवा भरायला घेतला. शेजारची मर्सी कॉब कुंपणाला टेकून बघत होती.

“अगं, राजाची नि पार्लमेंटची माणसं अजून गावात पोचली नाहीत, आणि तू पोराचं अंथरूण घालतेस?”

“येतील,” थॉमसिन म्हणाली. “तिकडून लंडनच्या गाड्या निघाल्यात, इकडून ऑक्सफर्डच्या. एवढी बडी माणसं एवढ्या थंडीत चिखल तुडवत येणार, ती काय शेकत बसायला?”

मर्सीचा नवरा पार्लमेंटच्या बाजूने लढायला गेला होता आणि पहिल्याच हिवाळ्यात राजाच्या तोफेपुढे पडला होता. तिच्या घरी आता कोणासाठी अंथरूण घालायचं राहिलं नव्हतं.

इंग्लंडचा राजा आणि त्याचंच पार्लमेंट यांच्या लढाईचा हा तिसरा हिवाळा. राजा ऑक्सफर्डात तळ ठोकून, पार्लमेंट लंडनमध्ये ठाण मांडून, आणि हेझलफर्ड बरोबर दोघांच्या मधल्या रस्त्यावर. आधी यांनी येऊन कोंबड्या न्यायच्या, मग त्यांनी, आणि शेवटी दोघांनीही येऊन कोंबड्या कुठे दडवल्या म्हणून दम भरायचा. बार्नबी गेला तो असाच. थॉमसिनचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिचं हे एकुलतं एक पोर गडल्स्टन नावाच्या सातूच्या व्यापाऱ्याची गाडी हाकायचं. आदल्या शरदात पोती घेऊन तो टेकड्यांपलीकडे गेला. तिथे राजाच्या शिपायांनी पोती घेतली, गाडी घेतली, दोन्ही घोडे घेतले आणि गाडीवानही घेतला. अंगात निळा कोट चढवला, हातात बंदूक दिली, आणि झाला बार्नबी फेनर राजाचा शिपाई. राजाला त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि पार्लमेंटशी त्याचं काही वाकडं नव्हतं. गडल्स्टनने सरकारदरबारी अर्ज केला म्हणतात, पण तो घोड्यांसाठी.

थॉमसिन काही रडूबाई नव्हती. उंच, हाडापेराने दणकट, आणि भुवया आचेने जळून जळून जवळजवळ नाहीशा झालेल्या. उभा जन्म तिने गडल्स्टनच्या भट्टीवर काढला होता. मोड आणलेला सातू भट्टीवर वाळवतात, आणि त्याला जराही धूर लागला की बिअरची चव जाते नि मालकाचं तोंड सुटतं. म्हणून बोलण्यांसाठी जेव्हा नदीकाठची विटांची हवेली ठरली तेव्हा तिथल्या कारभाऱ्याला थॉमसिनची आठवण झाली. त्या हवेलीच्या दिवाणखान्याचं धुराडं फार खट्याळ होतं. वारा फिरला की सगळा धूर घरात. थोरामोठ्यांना खोकत खोकत तह करायला लावणं बरं दिसलं नसतं.

थॉमसिनने कामाला लगेच हो म्हटलं. बार्नबी घरी येणार हे ज्या खोलीत ठरेल त्या खोलीत आपण असू, एवढंच तिच्या मनात होतं.

मंडळी आली. त्यांच्या स्वागताला चर्चच्या घंटा वाजवाव्यात की नाही यावरच पहिला खल झाला. गावचा पाद्री पार्लमेंटच्या बाजूचा, त्याला घंटा म्हणजे सैतानाचा गोंगाट वाटे, आणि राजाच्या लोकांना घंटांशिवाय अपमान वाटे. शेवटी निम्म्याच घंटा वाजल्या. मग आत कोणी कुठल्या दाराने शिरायचं यावर वाद झाला. पार्लमेंटची माणसं पुढच्या दाराने आणि राजाची मागच्या बागेतून, असं ठरलं. एक अट मात्र दोघांनी गावात पाऊल ठेवायच्या आधीच मान्य केली होती. हेझलफर्डच्या भोवती तीन मैलांत, गाव पार्लमेंटच्या हद्दीत म्हणून त्यांनी नेमलेले पहारेकरी सोडून, कोणाचाही शिपाई दिसता कामा नये. आणि तीन मैलांच्या पलीकडे? तिथे लढाई जशी होती तशी चालूच राहणार होती. हे गावात फारसं कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. थॉमसिनच्या तर नाहीच.

पहिल्या सकाळी ती लाकडांची पाटी कमरेवर घेऊन दिवाणखान्यात शिरली, आणि समोर जे दिसलं त्याने जागच्या जागी थिजली. राजाच्या बाजूचे मुख्य होते सर जर्व्हेस लॅम्बोर्न, पिकल्या मिशांचे, जरीच्या कोटाचे. पार्लमेंटच्या बाजूचे मुख्य होते मिस्टर होल्डन प्रेस्कॉट, काळ्या कपड्यांतले, बारीक आवाजाचे वकील. हे दोघे दोन दारांनी आत आले, खोलीच्या मधोमध भेटले, आणि त्यांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली.

“होल्डन, वाळलास रे,” सर जर्व्हेस म्हणाले.

“आणि तू फुगलायस. ऑक्सफर्डात खायला बरं मिळतंय म्हणायचं. वहिनी कशा आहेत?”

“तुझ्या नावाने बोटं मोडतात. आणि ती आपली ठिपक्यांची कुत्री? आहे का अजून?”

“पिल्लं झाली तिला. तुझ्यासाठी एक ठेवलंय.”

थॉमसिनच्या पाटीतली लाकडं धडाधड जमिनीवर पडली. दोघांनी वळून पाहिलं, आणि सर जर्व्हेसनी वाकून एक ओंडका स्वतःच्या हाताने तिच्या पाटीत टाकला.

संध्याकाळी तिने हे मर्सीला सांगितलं. आधी सांगू नये असं वाटलं होतं, पण पोटात राहीना.

“ओळखतात ते एकमेकांना,” थॉमसिन म्हणाली. “चांगले ओळखतात. एका शाळेत होते. ह्याची मेव्हणी त्याच्या घरात दिलीये.”

“मग लढतात कशाला?”

“तेच मला कळेना.”

“कुत्रीबद्दल विचारलं म्हणतेस?”

“पिल्लू ठेवलंय म्हणाला.”

मर्सी घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

बोलणी सुरू झाली आणि पहिलं भांडण झालं ते विस्तवावरून. शेकोटी दिवाणखान्याच्या एका टोकाला होती आणि राजाची माणसं तिच्याकडे पाठ करून बसली होती. त्यांच्या पाठी भाजून निघत होत्या आणि समोर पार्लमेंटवाल्यांची नाकं गळत होती. दोघांनाही यात दुसऱ्याचा डाव दिसला. अर्धा दिवस खल होऊन अखेर टेबल आडवं फिरवलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी ऊब आली. बोलण्यांतली ही पहिली तडजोड, आणि पुढे पुष्कळ दिवस तीच शेवटची. पण थॉमसिनच्या हाताने धुराडं वठणीवर आलं होतं, आणि सर जर्व्हेस रोज आत येताना तिला म्हणायचे, “फेनरबाई, तुमच्यामुळे जिवंत आहोत आम्ही.” तिला ते फार बरं वाटायचं. भला माणूस आहे, असं ती मर्सीला सांगायची.

ती कान देऊन ऐकायची. लढाई हा शब्द कधी येतो याची वाट बघायची. पण टेबलावर चाललेलं असायचं बिशपांचं. बिशप देवाने नेमले की माणसांनी? देवाने नेमले असतील तर पार्लमेंट त्यांना काढणार कसं, आणि माणसांनी नेमले असतील तर राजा त्यांच्यासाठी अडून का बसलाय? मग प्रार्थनेचं पुस्तक निघालं. जुन्या पुस्तकातून प्रार्थना म्हणायच्या की पार्लमेंटने छापलेल्या नव्यातून? यावर विद्वान पाद्री दोन्हीकडून आणवले गेले आणि त्यांनी लॅटिनमध्ये एकमेकांची अक्कल काढली. थॉमसिन विस्तव सारखा करत बसायची. तिकडे बार्नबीच्या पायात धड बूट असतील का, हे तिच्या मनात यायचं, आणि इकडे एक जाडा पाद्री टेबलावर मूठ आपटत विचारायचा की पवित्र भाकरी घेताना गुडघे टेकायचे की नाही.

एव्हाना गावात तह या शब्दाची पार वाट लागली होती. आमच्या हेझलफर्डची माणसं शब्द कधी नीट वापरत नाहीत. हवेलीला ती तह म्हणू लागली. आत बसलेल्यांनाही तहच म्हणायची, आणि हवेलीत जाणाऱ्या पावाला तहाचा पाव. “तह उठला का?” म्हणजे मंडळी जेवायला उठली का. “तहाने आज मटण मागवलंय.” “बाजूला व्हा, तहाची गाडी येतेय.” दारूच्या गुत्त्यात कोणी तर्र होऊन पडला तर त्याला तहात बसलाय म्हणायचे. मर्सीची म्हातारी सासू तर विचारायची, “अगं, तह जाणार तरी कधी? अंडी महाग करून ठेवलीत मेल्याने.”

अशात टिब आली. टिब ही सुया, फिती आणि निरोप विकणारी. म्हाताऱ्या बाईच्या गाठोड्याला कोणी हात लावत नाही म्हणून ती राजाच्या छावणीतही जायची नि पार्लमेंटच्याही. ती टेकड्यांपलीकडे निघाली होती, बार्नबीच्या ठाण्यावरून.

“काय सांगू पोराला?” टिबने विचारलं.

थॉमसिनला घाई होती, विस्तव सोडून ती अंगणात आली होती. “सांग, बरी आहे म्हणावं मी. सांग, गावात तह आलाय. आई वाट बघतेय.”

“एवढंच?”

“आणि काय सांगायचं? एवढं सांग.”

टिब प्रामाणिक बाई. तिने एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी मर्सी धावत हवेलीच्या मागच्या दाराशी आली. तिच्या डोक्यावरची टोपी मागे लोंबत होती. नुसतं पुलाकडे बोट करून ती म्हणाली, “बार्नबी.”

पुलाजवळच्या पहारेकऱ्यांच्या खोपटात बार्नबी बाकावर बसला होता. निळ्या कोटात, हात पुढे बांधलेले, आणि चेहऱ्यावर हसू. अजून हसतच होता तो. रस्त्याच्या मधोमध, भर दिवसा, शीळ घालत आला होता म्हणे, आणि पुलावरच्या शिपायांना पाहून त्याने हात उंचावून हाळी दिली होती. ज्या पहारेकऱ्याने त्याला धरलं तो ओशाळल्यासारखा दारात उभा होता. त्याने थॉमसिनला आत जाऊ दिलं.

“आई,” बार्नबी म्हणाला, “ह्या खुळ्यांना सांग गं. ह्यांना कोणी कळवलंच नाही वाटतं.”

“काय कळवलं नाही?”

“तह झाला ते. मला टिबने सांगितलं. गावात तह आलाय, आई वाट बघतेय. मी म्हटलं, सुटलो. बंदूक ठेवली भिंतीला टेकवून आणि निघालो. सार्जंटला पण सांगणार होतो, तुम्हीही घरी जा म्हणून, पण तो झोपला होता.” तो हसला. मग आईच्या तोंडाकडे बघून थांबला. “झालाय ना तह?”

तह आलाय. अंडी महाग करणारा तह. मटण मागवणारा तह. टेकड्यांपलीकडे त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे थॉमसिनच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आई, अंथरूण घातलंयस?”

“घातलंय,” ती म्हणाली. “नवा पेंढा भरलाय.”

मग ती निघाली ती तडक हवेलीत. तिला भीती होती, पण धीरही होता. आत बसलेली माणसं काही परकी नव्हती. इतके दिवस तिने त्यांना ऊब दिली होती. सर जर्व्हेस रोज म्हणायचे, तुमच्यामुळे जिवंत आहोत. ते आपलं ऐकतील, अशी तिची खात्री होती.

ती दिवाणखान्यात पोचली तेव्हा पहाऱ्याचा कॅप्टन हकिकत सांगून बाजूला झाला होता आणि मिस्टर प्रेस्कॉट बोलत होते. त्यांचा बारीक आवाज आज जास्तच बारीक झाला होता.

“तीन मैलांच्या आत तुमचा शिपाई सापडलाय. भर गावात. आपण लिहून दिलेली ही एकच गोष्ट होती, सर जर्व्हेस, आणि तीही मोडली.”

“आम्ही त्याला पाठवलेला नाही.”

“तसं तुम्ही म्हणणारच.”

“बोलणी मोडायला निमित्त हवं असेल तर सरळ सांगा.”

थॉमसिन शेकोटीकडे न जाता टेबलाकडे गेली. विस्तववालीने टेबलापाशी जाणं ही गोष्टच इतकी नवी होती की तिला कोणी अडवलं नाही.

“हुजूर,” ती म्हणाली, “त्याला कोणी पाठवला नाही. मी बोलावला. म्हणजे बोलावला पण नाही. माझा मुलगा आहे तो. मी निरोप धाडला, गावात तह आलाय म्हणून. आम्ही तुम्हालाच तह म्हणतो, हुजूर. ह्या घराला, तुमच्या पावाला. त्याला वाटलं लढाई संपली. म्हणून घरी आला. बंदूक पण आणली नाही त्याने, तिथेच ठेवली.”

एक तरुण कारकून फिसकन हसला आणि सर जर्व्हेसनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

“तुमचा मुलगा, फेनरबाई?”

“एकुलता आहे, हुजूर. गाडीवान आहे. त्याला धरून नेला होता.”

“अरेरे,” सर जर्व्हेस म्हणाले, आणि ते मनापासून होतं. मिस्टर प्रेस्कॉट उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने एक खुर्ची ओढून आणली आणि थॉमसिनला तिच्यावर बसवलं. एवढ्या दिवसांत त्या टेबलाशी ती पहिल्यांदा बसत होती. त्यांच्या ह्या चांगुलपणाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचला, असं तिच्या मनात आलं.

“बाई खरं बोलतायत,” मिस्टर प्रेस्कॉट म्हणाले. “माझी तरी खात्री आहे. पण मी लंडनला काय लिहू? एका शब्दाचा घोटाळा झाला म्हणून राजाचा शिपाई आमच्या पहाऱ्यातून आत आला? माझं तिथे हसं होईल. त्याहून वाईट म्हणजे, मी तुम्हाला सामील आहे म्हणतील. आधीच म्हणतात.”

“माझी पंचाईत त्याहून मोठी आहे,” सर जर्व्हेस म्हणाले. “तो सुटला तर ती बातमी छावणीत जाणार. तह आला म्हणे, चला घरी, म्हणून उद्या आमची निम्मी फौज बंदुका भिंतीला टेकवून चालायला लागेल.”

“आमचीही,” मिस्टर प्रेस्कॉट म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात आता बिशप नव्हते, पुस्तक नव्हतं, काहीच मध्ये नव्हतं. इतक्या दिवसांत त्यांना एकमेकांचं बोलणं इतकं लख्ख कळलं नव्हतं.

“तो छावणी सोडून पळालाय,” सर जर्व्हेस हळू आवाजात म्हणाले. “त्याची शिक्षा आमच्या कायद्यात ठरलेली आहे. आम्हीच देतो. म्हणजे आम्ही पाठवला नव्हता याला दुसरा पुरावा नको.”

“इथेच?”

“तुमची हद्द आहे. तुमची परवानगी असेल तर.”

“परवानगी आहे. तुमचा माणूस हद्दीत येऊ दे, आम्ही अडवणार नाही. दोर आम्ही देऊ.”

“आभारी आहे.”

“आभार कसले.”

कारकुनाने भराभरा लिहून घेतलं. कागद आधी ह्या बाजूला गेला, मग त्या बाजूला. टेबलाच्या टोकाला बसलेल्या कोणीतरी सैल होऊन श्वास सोडला आणि म्हटलं, “बघा, मनात आणलं तर जमतं आपलं.” आणि खरंच, खोलीतल्या सगळ्यांच्याच खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. कोणी पाय लांब केले, कोणी बिअर मागवली. बोलणी मोडता मोडता वाचली होती.

थॉमसिन खुर्चीवर बसून होती. फाशी हा शब्द त्या टेबलावर कोणी उच्चारला नव्हता. तिला वाटत होतं, पोराला बांधून परत छावणीत नेतील, फटके मारतील. फटके तो सोसेल.

“दोर कशाला, हुजूर?” तिने विचारलं.

सर जर्व्हेस कागदावर वाळू पसरून शाई टिपत होते. मिस्टर प्रेस्कॉट खिडकीतून बाहेर बघत होते. तिने एकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याच्या, मग हसलेल्या त्या कारकुनाच्या. कारकून रडत होता. तेव्हा तिला कळलं.

त्या दिवशी पहिल्यांदा दिवाणखान्यात धूर झाला. विस्तवाकडे बघायला कोणी नव्हतं. मंडळी खोकत खोकत जेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातल्या जुन्या एल्म झाडाखाली गाव जमलं. दोर पार्लमेंटचा, फास आवळणारा राजाचा. मरणाऱ्यासाठी प्रार्थना म्हणायला मात्र कोणी मिळेना. गावचा पाद्री जुन्या पुस्तकातून म्हणणार नाही म्हणाला. राजाकडचा पाद्री नव्यातून म्हणणार नाही म्हणाला, आणि पार्लमेंटच्या हद्दीत जुनं पुस्तक उघडायचं तर टेबलाची परवानगी हवी होती. टेबलाचं पुस्तकावर एकमत झालेलं नव्हतं. तेव्हा कोणीच काही म्हटलं नाही. बार्नबी आता हसत नव्हता. गर्दीत तो सारखा कोणाला तरी शोधत होता, आणि आई दिसल्यावर त्याची मान थांबली. थॉमसिनने तोंडपाठ होते तेवढे जुन्या प्रार्थनेचे शब्द मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. शेजारी मर्सी होती, तीही म्हणू लागली. पार्लमेंटसाठी नवरा गमावलेली बाई ती. पहाऱ्याच्या कॅप्टनने त्यांना गप्प करायला हवं होतं, पण तो दुसरीकडे बघत राहिला.

प्रेत तिच्या ताब्यात दिलं, एवढी मेहेरबानी झाली. तिने त्याला घरी नेऊन नव्या पेंढ्याच्या गादीवर निजवलं. रात्रभर तो आपल्या अंथरुणात होता.

थोड्याच दिवसांनी बोलण्यांसाठी ठरवलेली मुदत संपली आणि बोलणी काहीही न ठरता उठली. बिशप जिथल्या तिथे राहिले. सर जर्व्हेस आणि मिस्टर प्रेस्कॉट हवेलीच्या अंगणात पुन्हा गळ्यात गळा घालून भेटले आणि दोघांचेही डोळे ओले होते. निघताना सर जर्व्हेसनी गाडीतून हेझलफर्डकडे पाहिलं की नाही, ते कोणाला माहीत नाही. थॉमसिन तेव्हा हवेलीत नव्हती. त्या दिवसानंतर ती तिथे गेलीच नाही.

पुढे लढाई आणखी चालली, थांबली, पुन्हा पेटली. शेवटी राजाचं डोकं उडवलं, ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. टिबला थॉमसिनने कधी बोल लावला नाही. उलट म्हातारी दारावरून खाली मान घालून जायला लागली तेव्हा हिनेच तिला हाक मारून पेजेची वाटी पुढे केली. मर्सीशी मात्र तिचं बोलणं कमी झालं, भांडणाने नव्हे, दोघींना सांगायचं सारखंच होतं म्हणून. तह हा शब्द तिने पुन्हा तोंडातून काढला नाही. गावानेही तो हळूहळू टाकून दिला. तहाचा पाव म्हणायला आता कोणाची जीभ वळत नाही.

हवेली विकली गेली तेव्हा ते मोठं टेबल पुलाजवळच्या खाणावळीच्या मालकाने उचललं. वाटसरूंना ते दाखवून तो बिअर जास्त खपवायचा. भट्टीचं काम झेपेनासं झाल्यावर थॉमसिन तिथल्याच शेकोटीपाशी बसू लागली, लाकडं सारखी करायला. भुवया आता अजिबात उरल्या नव्हत्या. एकदा ऑक्सफर्डचे दोन विद्यार्थी आले. त्यांनी टेबलावर हात फिरवून पाहिला आणि मालकाने आपलं पाठ केलेलं सांगून टाकलं.

“इथे समोरासमोर बसले होते, राजाची माणसं नि पार्लमेंटची. रोज बसायचे. भांडले, जेवले, गेले. एक गोष्ट ठरली नाही ह्या टेबलावर.”

“ठरली होती,” शेकोटीपाशी बसलेली म्हातारी म्हणाली.

विद्यार्थ्यांनी वळून पाहिलं. मालकाने त्यांना डोळ्याने खूण केली, की तिच्याकडे लक्ष देऊ नका.

“एक ठरली होती,” थॉमसिन म्हणाली. “लवकर ठरली. सह्या झाल्या दोघांच्या. मी तिथेच होते, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली होती.”

आणि विस्तव धुरायला लागला होता म्हणून तिने वाकून एक ओंडका हलवला.